प्रकाशनांची यादी आणि सायटेशनचे आकडे: अर्जाआधी काय करावं, कोणत्या क्रमाने

नोकरीच्या किंवा बढतीच्या अर्जातला ‘एच-इंडेक्स’चा (पेपरांची संख्या आणि त्यांना मिळालेली सायटेशन, म्हणजे इतर लेखांनी दिलेले संदर्भ, यांवरून काढलेला आकडा) रकाना बहुतेक जण सगळ्यात आधी भरतात. गूगल स्कॉलर उघडायचं, उजवीकडचा आकडा उतरवायचा, झालं. मग यादी जोडायची वेळ येते आणि लक्षात येतं की आकडा ३४ पेपरांचा आहे, यादीत २९ आहेत, आणि त्यातले दोन आपले नाहीतच. तोवर अर्जाची मुदत दोन दिवसांवर आलेली असते.

मी परळच्या बाजूला एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात काम करते. मॉलेक्युलर बायोलॉजीतली माणसं दर वर्षी माझ्याकडे याच गोंधळासह येतात. ज्यांनी वर्षानुवर्षं रात्री-अपरात्री प्रयोगशाळेत जेल चालवले, कल्चर सांभाळले, त्यांचं काम अर्जात चुकीच्या आकड्यांखाली दबलेलं पाहून मला खरंच वाईट वाटतं. चूक बहुतेक वेळा एकच असते: मोजणी आधी आणि साफसफाई नंतर. खालचा क्रम याच्या उलट आहे. मुदतीच्या निदान दोन महिने आधी सुरू करा, कारण मधल्या एका टप्प्यात दुरुस्तीची वाट पाहावी लागते आणि तो वेळ आपल्या हातात नसतो.

## टप्पा १: काय मागितलंय ते आधी वाचा

जाहिरात किंवा नियमावली छापून घ्या आणि चार गोष्टींखाली रेघ मारा: कोणता डेटाबेस (पेपर आणि सायटेशन नोंदवणारी स्कोपस, वेब ऑफ सायन्स किंवा गूगल स्कॉलरसारखी साइट), कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या कालावधीतलं काम, आणि कोणते प्रकार धरायचे. रिव्ह्यू लेख, पुस्तकातलं प्रकरण, परिषदेतला सारांश हे सगळीकडे चालतात असं नाही.

महाविद्यालयात आणि विद्यापीठात शिकवणाऱ्यांनी लेखकांमधली गुणांची विभागणी नीट पाहावी. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमावलीत दोनच लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के धरले आहेत. दोनाहून जास्त असतील तर पहिल्या, मुख्य किंवा करस्पाँडिंग (पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या) लेखकाला ७० टक्के आणि बाकी प्रत्येक सहलेखकाला ३० टक्के. आपल्या विषयात सात-आठ नावांचा पेपर ही रोजचीच गोष्ट आहे, त्यामुळे तुम्ही कितवे लेखक आहात ही नोंद यादीत पहिल्यापासून हवी. यूजीसी-केअर ही मान्य जर्नलांची यादी २०२५ मध्ये बंद झाली, तरी जुन्या फॉर्ममध्ये तिचा रकाना अजून दिसतो. तो कसा भरायचा ते आस्थापना विभागाकडून लेखी विचारून घ्या. तोंडी उत्तरावर विसंबू नका.

## टप्पा २: स्वतःची मूळ यादी, हाताने

कोणत्याही साइटवरून यादी उतरवून घेऊ नका. एक कोरी एक्सेल फाइल उघडा आणि प्रत्येक पेपरसाठी एक ओळ करा. रकाने असे ठेवा: शीर्षक, छापलेल्या क्रमाने सगळे लेखक, जर्नल, वर्ष, खंड व पानं, डीओआय (लेखाचा कायमचा डिजिटल क्रमांक), पबमेड (जैव-वैद्यकीय लेखांची मोफत सूची) क्रमांक, लेखाचा प्रकार, तुमचं स्थान (पहिले, मधले, शेवटचे, करस्पाँडिंग), समान योगदानाची खूण आहे का, आणि पेपरावर छापलेला पत्ता.

शेवटचे दोन रकाने लोक गाळतात आणि नंतर पस्तावतात. ‘या दोन लेखकांचं योगदान समान’ ही तळटीप डेटाबेसच्या यादीत सहसा दिसत नाही, ती मूळ पीडीएफमध्येच असते. दुसऱ्या नावावर तारा असलेल्या विद्यार्थिनीला ती नोंद कुणी करून दिली नाही, तर तिचं निम्मं श्रेय कागदावरून पुसलं जातं.

प्रत्येक डीओआय ब्राउझरमध्ये उघडून बघा. डीओआय नेहमी १० या आकड्याने सुरू होतो. कॉपी करताना मागे पूर्णविराम चिकटला तर तो उघडत नाही.

इशारा: लेखकांचा क्रम स्वतःच्या सोयीने बदलू नका. समान योगदान असलं तरी नावं छापलेल्या क्रमानेच लिहा, आपलं नाव ठळक करा आणि तारा व टीप द्या. क्रम बदललेला परीक्षकाला दिसला की त्याचा पुढच्या सगळ्या ओळींवरचा विश्वास उडतो.

वर्षाचाही एक घोळ असतो. पेपर डिसेंबरमध्ये ऑनलाइन आला आणि अंकात पुढच्या मार्चमध्ये छापला, तर वर्ष कोणतं? एकच नियम धरा, तो यादीच्या वर लिहा आणि सगळ्या ओळींना लावा. फॉर्ममध्ये नियम दिलेला असेल तर अर्थात तोच.

## टप्पा ३: नावाचा आणि पत्त्याचा गुंता सोडवा

यात मराठी नावांना खास त्रास होतो. जोशी, कुलकर्णी, पाटील, देशपांडे ही आडनावं एकेका संस्थेत चार-चार सापडतात, आणि पहिलं अक्षरही जुळलं की यंत्राला माणूस वेगळा करता येत नाही. त्यात कधी वडिलांच्या नावाचं अक्षर घातलेलं, कधी गाळलेलं. लग्नानंतर आडनाव बदललेलं, मग काही काळ दोन्ही आडनावं जोडून लिहिलेली. वाघ किंवा वैद्य लिहिताना एका पेपरात इंग्रजी ‘व्ही’, दुसऱ्यात ‘डब्ल्यू’.

कागदावर स्वतःच्या नावाची सगळी रूपं लिहून काढा. मग पबमेडमध्ये प्रत्येक रूप लेखकाच्या खान्यात वेगवेगळं शोधा: आधी आडनाव, मग आद्याक्षरं, मध्ये टिंब नाही. पबमेडमध्ये लेखकांची पूर्ण नावं साधारण २००२ पासूनच्या नोंदींतच आहेत, म्हणून त्याआधीचे पेपर आद्याक्षरांवरच सापडतील.

पत्त्याचंही तसंच. १९९५ मध्ये शहराचं अधिकृत नाव मुंबई झालं, पण जुन्या पेपरांवर बॉम्बे आहे, आणि पवईची आयआयटी आजही बॉम्बेच आहे. परळची कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट पुढे खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात गेली. परळचीच प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी एनआयआरआरसीएच जुन्या पेपरांवर ‘इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शन’ म्हणून सापडते. स्कोपस लेखकाची ओळख नाव, पत्ता, सहलेखक आणि विषय यांवरून बांधतं. संस्था बदलली, तिचं नाव बदललं किंवा विषयाची दिशा वळली की तिथे एकाच माणसाच्या दोन-तीन प्रोफाइल तयार होतात. प्रत्येकीत थोडे थोडे पेपर, आणि प्रत्येकीचा एच-इंडेक्स लहान.

## टप्पा ४: ऑर्किड आधी, बाकीचं नंतर

ऑर्किड, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा कायमचा ओळख क्रमांक, २०१२ पासून आहे. सोळा अंकांचा हा क्रमांक फुकट मिळतो, त्याचा शेवटचा अंक कधी कधी ‘एक्स’ असतो, ती चूक नव्हे. बहुतेकांनी तो कधीतरी पेपर पाठवताना घाईत काढलेला असतो आणि आत काहीच नसतं.

क्रम असा ठेवा.

१. आधी तपासा की आपले दोन ऑर्किड तर नाहीत. असतील तर एक कायम ठेवा आणि दुसरा त्याच साइटवरून डुप्लिकेट म्हणून काढून घ्या.

२. खात्याला दोन ईमेल जोडा, एक संस्थेचा आणि एक स्वतःचा. पोस्टडॉक संपला की संस्थेचा ईमेल बंद होतो आणि खात्याचं कुलूप उघडता येत नाही. असा प्रसंग मी अनेकदा पाहिलाय.

३. नावाची सगळी रूपं ‘या नावांनीही परिचित’ या खान्यात भरा.

४. टप्पा २ मधल्या डीओआयवरून पेपर घाला. शीर्षकावरून शोधत बसू नका.

५. क्रॉसरेफला (डीओआय नोंदवणाऱ्या संस्थेला) आपोआप नोंद करायची परवानगी द्या, म्हणजे पुढचा पेपर पाठवताना ऑर्किड दिला की छापून आल्यावर नोंद आपोआप येईल.

६. नोंदी ‘सर्वांना दिसतील’ अशा आहेत का ते पाहा. लॉग-आउट करून स्वतःचं पान उघडलं की लगेच कळतं.

## टप्पा ५: तीन डेटाबेसांमधली साफसफाई

स्कोपस: संस्थेकडे वर्गणी नसली तरी लेखकाचं प्रोफाइल शोधता येतं आणि दुरुस्तीची विनंतीही मोफत करता येते. आपल्या सगळ्या प्रोफाइल निवडा, एकत्र करायला सांगा, परके पेपर काढा, सुटलेले जोडा आणि शेवटी ऑर्किडशी जोडणी करा. ही विनंती तपासली जाते आणि त्यात दिवस जातात, कधी आठवडे. दोन महिन्यांचा हिशेब धरलाय तो यासाठी.

वेब ऑफ सायन्स: स्वतःच्या लेखक-नोंदीवर दावा करा. इथे एक बारीक गोष्ट आहे. ‘कोअर कलेक्शन’मधला आकडा आणि ‘सर्व डेटाबेस’मधला आकडा वेगळे असतात, आणि संस्थेने किती मागच्या वर्षांची वर्गणी घेतली आहे त्यावरही तुम्हाला काय दिसतं ते ठरतं. त्यामुळे कुलाब्यातल्या एका संस्थेत बसून काढलेला आकडा आणि कालिन्यातल्या दुसऱ्या संस्थेत बसून काढलेला आकडा वेगळा येऊ शकतो, आणि दोघांचंही काही चुकलेलं नसतं. कुठून काढला ते लिहा.

गूगल स्कॉलर: सगळ्यात आधी सेटिंगमध्ये जाऊन ‘पेपर आपोआप जोडा’ बंद करा आणि ‘ईमेलने विचारा’ हा पर्याय निवडा. परके पेपर आत शिरतात ते याच दाराने. मग यादी एकेक ओळ तपासा. परका पेपर हटवा. एकच पेपर दोनदा असेल तर दोन्ही निवडून एकत्र करा. बायोआर्काइव्ह या साइटवरचा प्रीप्रिंट (जर्नलमध्ये छापण्याआधीचा मसुदा) आणि छापलेला पेपर वेगवेगळे दिसतात ते इथेच, विशेषतः मधे शीर्षक बदललं असेल तर.

तपासणी: तिन्ही ठिकाणचा प्रत्येक पेपर मूळ एक्सेलमध्ये आहे का? आणि एक्सेलमधला जो पेपर एखाद्या ठिकाणी नाही, तो का नाही हे माहीत आहे का? ‘हे जर्नल स्कोपसमध्ये नाही’ हेही उत्तर चालतं, पण उत्तर हवं.

## टप्पा ६: आता मोजा, एकाच दिवशी

एच-इंडेक्स २००५ मध्ये हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने मांडला. सायटेशनच्या उतरत्या क्रमाने पेपर लावा. जिथपर्यंत पेपरचा क्रमांक त्याच्या सायटेशनपेक्षा मोठा होत नाही, तो शेवटचा क्रमांक म्हणजे एच-इंडेक्स. एकदा हाताने काढून बघाच. समजा १२ पेपर आहेत आणि सायटेशन अशी:

६४, ४१, ३०, २२, १५, ११, ९, ८, ६, ३, १, ०

आठव्या पेपरला ८ आहेत, नवव्याला ६. एच-इंडेक्स ८. किमान १० सायटेशनचे पेपर सहा, म्हणून स्कॉलरचा आय-टेन ६. एकूण २१०.

आता या यादीत आडनावबंधूचा ९० सायटेशनचा एक पेपर घुसला असं धरा. एकूण ३०० झाले, पेपरमागची सरासरी १७.५ वरून २३ वर गेली, आणि एच-इंडेक्स? ८च राहिला. म्हणूनच ‘माझा एच-इंडेक्स दर वर्षीसारखाच वाटतोय, म्हणजे यादी ठीक असेल’ हा तर्क चालत नाही. उलट बाजूने, ८ आणि ३ सायटेशनच्या ओळी एकाच पेपरचा प्रीप्रिंट व छापील रूप असतील, तर त्या जोडल्यावर ११ होतात (दोन्ही रूपांना उद्धृत करणारा एकच लेख नसेल तर). पेपर ११ उरतात, आय-टेन ७ होतो, एच-इंडेक्स पुन्हा ८च. हा आकडा बऱ्याच चुका पोटात घालतो. यादी बरोबर आहे की नाही हे ओळी वाचूनच कळतं.

मोजताना हे पाळा:

- तिन्ही डेटाबेस एकाच दिवशी पाहा. तारीख लिहा, पानाचा पीडीएफ जपून ठेवा.
- एका डेटाबेसमधलं एकूण आणि दुसऱ्यातला एच-इंडेक्स अशी खिचडी करू नका. स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट, पुस्तकंही धरतं, म्हणून तिथला आकडा जवळजवळ नेहमीच मोठा असतो.
- स्वतःचे स्वतःला दिलेले संदर्भ वगळूनही आकडा काढा. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स दोन्हीकडे तशी सोय आहे. स्वसंदर्भ हा गुन्हा नाही. एकाच जीनवर पंधरा वर्षं काम केलं तर मागचा पेपर सांगावाच लागतो. पण परीक्षकाने तो आकडा काढण्याआधी तुम्हीच दिलेला बरा.

अर्जातली ओळ अशी असावी: ‘स्कोपस, १५ जून रोजी पाहिलेलं: १२ शोधनिबंध, २१० सायटेशन (स्वसंदर्भ वगळून १८१), एच-इंडेक्स ८.’ डेटाबेस आणि तारीख नसलेला आकडा मी तरी अपूर्णच मानते.

## टप्पा ७: इम्पॅक्ट फॅक्टरबाबत सावध

इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा असतो, तुमच्या पेपरचा नाही. जर्नलने मागच्या दोन वर्षांत छापलेल्या मजकुराला या वर्षी मिळालेली सायटेशन भागिले त्या दोन वर्षांतले संशोधन व रिव्ह्यू लेख, इतकाच तो हिशेब. सगळ्या जर्नलांचे इम्पॅक्ट फॅक्टर जोडून ‘एकूण ८७.४’ असं लिहायची पद्धत आपल्याकडे रुजली आहे. फॉर्मने स्पष्ट मागितलं तर लिहा, एरवी कृपा करून नको. त्या बेरजेला काही अर्थ नाही.

खरा इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेटच्या (वेब ऑफ सायन्स चालवणाऱ्या कंपनीच्या) जर्नल सायटेशन रिपोर्ट्समध्येच मिळतो. २०२३ पासून तो एकाच दशांश स्थळापर्यंत दिला जातो. त्यानंतरच्या वर्षाचा म्हणून ‘७.५२१’ असा आकडा जर्नलच्या साइटवर दिसला, तर तो कुणी दिला हे आधी शोधा. मिळत्याजुळत्या नावांचे ‘फॅक्टर’ विकणारे बरेच आहेत. पेपर छापला त्या वर्षीचा आकडा देताय की आत्ताचा, तेही लिहा.

## टप्पा ८: आकड्याला संदर्भ द्या

मॉलेक्युलर बायोलॉजीत पद्धत सांगणारे पेपर प्रचंड उद्धृत होतात. प्रथिनं मोजण्याच्या पद्धतीवरच्या लोव्ह्री आणि सहकाऱ्यांच्या १९५१च्या पेपरला तीन लाखांहून जास्त सायटेशन आहेत. जेलवर प्रथिनं वेगळी करण्याबद्दलचा लेम्लीचा १९७०चा आणि प्रथिनमापनावरचा ब्रॅडफर्डचा १९७६चा पेपरही त्याच रांगेतले. म्हणून रिव्ह्यू, पद्धत आणि मूळ निष्कर्ष असे तुमचे पेपर वेगळे करूनच सायटेशन दाखवा. तुमचे निम्मे आकडे एका रिव्ह्यूचे असतील तर ते झाकू नका.

वयाचाही फरक पडतो. २०११च्या पेपरची ४० आणि २०२१च्या पेपरची १२ सायटेशन एका ओळीत तोलता येत नाहीत. यासाठी एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचं ‘आयसाइट’ हे मोफत साधन वापरा. पबमेड क्रमांकांचा रकाना तिथे चिकटवला की प्रत्येक पेपरचा ‘रिलेटिव्ह सायटेशन रेशो’ मिळतो. तो विषय आणि वर्ष यांच्या हिशेबाने काढलेला असतो. १ म्हणजे एनआयएचच्या अनुदानावर झालेल्या कामातला मधला पेपर. अगदी ताज्या पेपरांसाठी हा आकडा येत नाही किंवा तात्पुरता असतो. पबमेडबाहेरचे पेपर, उदाहरणार्थ वनस्पतींवरचं काही काम, यात सुटतात. तसं असेल तर एका वाक्यात सांगा.

## टप्पा ९: कुणी उद्धृत केलं, ते वाचा

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. एक शनिवार पुरतो, पण बहुतेक जण तोही देत नाहीत.

आपले तीन पेपर निवडा. सर्वाधिक सायटेशनचे नव्हे, तर ज्यांच्यामुळे कुणाचं काम पुढे गेलं असं तुम्हाला वाटतं ते. प्रत्येकाला उद्धृत करणारे वीस लेख उघडा, त्यांत तुमच्या पेपरचा उल्लेख नेमका कुठे आहे ते शोधा, आणि चार ढीग करा: पद्धत किंवा साहित्य वापरलं, निष्कर्ष पुढे नेला किंवा पुन्हा करून पाहिला, निष्कर्षाशी मतभेद नोंदवला, प्रस्तावनेत पाच जणांच्या रांगेत नाव घेतलं.

चौथा ढीग मोठा निघेल. सगळ्यांचाच निघतो, खचू नका. पहिल्या दोन ढिगांतून अर्जातली तीन वाक्यं मिळतात, उदाहरणार्थ: ‘या पेपरात तयार केलेला प्लाझ्मिड (जनुक वाहून नेणारा डीएनएचा गोल तुकडा) अमुक इतक्या स्वतंत्र प्रयोगशाळांनी वापरला’, ‘हा निष्कर्ष दुसऱ्या गटाने उंदरांमध्ये पुन्हा पडताळला’. माझ्याकडे एक संशोधिका आल्या होत्या. पेपर मोजके, एच-इंडेक्स लहान. त्यांच्या एका पेपरातले प्रायमर (डीएनएच्या प्रती काढायला लागणारे छोटे तुकडे) बाहेरच्या बऱ्याच प्रयोगशाळा जसेच्या तसे वापरत होत्या आणि त्यांना स्वतःला ते ठाऊक नव्हतं. त्या दिवशी त्यांचा चेहरा पाहून मला हे काम का करावं ते कळलं.

तिसरा ढीगही अर्जात सांगायला हरकत नाही. मतभेद झाला म्हणजे कुणीतरी तो पेपर गंभीरपणे घेतला होता.

## टप्पा १०: पेपरांपलीकडचं काम

जेनबँकमधले सिक्वेन्स, प्रोटीन डेटा बँकेतल्या रचना, जीईओमधला एक्स्प्रेशनचा डेटा, ॲडजीन या प्लाझ्मिड-संग्रहाला दिलेले प्लाझ्मिड, पेटंट, शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात) गेलेले विद्यार्थ्यांचे प्रबंध: यांची वेगळी यादी करा, प्रत्येकाचा क्रमांक देऊन. डेटाचा वापर सायटेशनमध्ये दिसेलच असं नाही, कारण लोक पेपरऐवजी नुसता ॲक्सेशन क्रमांक (डेटा जमा केल्यावर मिळणारा) लिहितात. तो क्रमांक युरोप पीएमसी या लेखांच्या मोफत भांडाराच्या पूर्ण-मजकूर शोधात टाका. वापरणारे पेपर समोर येतात.

सहलेखक म्हणून काय केलं ते लिहिताना ‘क्रेडिट’ या १४ भूमिकांच्या मांडणीचा आधार घ्या. ‘प्रयोगांची आखणी आणि वेस्टर्न ब्लॉट माझे, विश्लेषण सहकाऱ्याचं’ इतकं साधं पुरे.

## पाठवण्याआधीची शेवटची फेरी

- प्रत्येक पेपरचं पबमेड पान उघडा. दुरुस्ती किंवा मागे घेतल्याची सूचना असेल तर वर पट्टी दिसते. असा पेपर यादीतून गुपचूप वगळू नका. ठेवा आणि तशी नोंद करा.
- ‘स्वीकृत’ लिहिलेल्या प्रत्येक पेपरसोबत संपादकाचा ईमेल आहे का? नसेल तर तो अजून ‘पाठवलेला’च आहे.
- प्रीप्रिंट छापील पेपरांच्या क्रमांकात मिसळलेले नाहीत ना?
- अर्जातली पेपरांची संख्या, जोडलेल्या यादीची संख्या आणि ऑर्किडवरची संख्या जुळते का? न जुळल्यास कारण एका ओळीत.
- फाइल शेजारच्या प्रयोगशाळेतल्या कुणाला तरी द्या आणि त्यांच्या संगणकावर कोणतेही पाच डीओआय उघडायला सांगा. आपल्या संगणकावर सगळंच उघडतं, कारण आपण आधी लॉग-इन केलेलं असतं.